‘का?’ हा प्रश्न कोठे विचारला जातो?

प्रश्नपत्रिका हेसुद्धा एक लेखन आहे. तिला लेखक असतो, तिच्यासमोर एक वाचक असतो, आणि त्या वाचकाविषयी तिने काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. कवितेची, कथेची, आत्मकथनाची समीक्षा आपण करतो. पण ज्या लेखनावर आपल्या मुलामुलींची भाकर अवलंबून असते त्या प्रश्नपत्रिकेची समीक्षा कोणी करीत नाही. ती शिक्षणतज्ज्ञांकडे सोपवून आपण मोकळे होतो. या लेखात मी एका विशिष्ट प्रश्नप्रकाराचा विचार करणार आहे. तो म्हणजे संगणकाच्या नेटवर्किंगच्या व्यावसायिक प्रमाणपत्र परीक्षांतील लघुत्तरी प्रश्न. विषय तांत्रिक वाटेल, पण त्याच्या तळाशी असलेला प्रश्न सामाजिक आहे.

हा विषय मला हिंगण्यात सुचला, कारण मी येथे हाच विषय शिकवतो. नागपूरहून हिंगण्याकडे येणारा रस्ता हा कारखान्यांचा आणि कॉलेजांचा रस्ता आहे. एका बाजूला औद्योगिक वसाहत, दुसरीकडे डिगडोह, वानाडोंगरीच्या परिसरात अभियांत्रिकी महाविद्यालये आणि पॉलिटेक्निके. इसासनी, निलडोह, वानाडोंगरी या वस्त्यांतून कामगारांची मुले या कॉलेजांत येतात. बाप कारखान्यात कंत्राटी, आई धुणीभांडी करणारी, आणि मुलगा संगणक शाखेत, असे चित्र येथे नवलाचे नाही. १९५६ च्या १४ ऑक्टोबरला याच नागपुरात ज्या समाजाने नवा मार्ग पत्करला त्याची ही तिसरी-चौथी पिढी. पदवी किंवा पदविका हातात आल्यावर तिला सांगितले जाते की नुसत्या पदवीला कोणी विचारत नाही. कंपनीचे प्रमाणपत्र आण.

हे प्रमाणपत्र म्हणजे काय, ते आधी पाहू. संगणक एकमेकांना जोडण्याची यंत्रे तयार करणाऱ्या सिस्को या अमेरिकन कंपनीने १९९३ मध्ये सीसीआयई ही आपली सर्वोच्च परीक्षा सुरू केली आणि १९९८ मध्ये सीसीएनए ही पायरीची परीक्षा आणली. आज नेटवर्किंगची नोकरी शोधणारा मुलगा बहुधा हीच पायरी आधी चढतो. परीक्षा १२० मिनिटांची. फी ३०० डॉलर, म्हणजे आपल्या पैशात पंचवीस हजारांहून अधिक. नापास झाला तर पुन्हा तेवढीच. पास झाला तरी प्रमाणपत्र तीन वर्षांचे. पुढे ते टिकवण्यासाठी पुन्हा परीक्षा किंवा पुढचे शिक्षण. ती मराठीत देता येत नाही, हिंदीतही नाही. एकदा पुढे गेल्यावर मागच्या प्रश्नाकडे वळता येत नाही. उत्तीर्ण होण्यासाठी किती गुण लागतात हे कंपनी जाहीर करीत नाही. नेमके कोणते उत्तर चुकले हेही कळत नाही; कोणत्या घटकात किती टक्के, एवढेच कळते. म्हणजे परीक्षक अदृश्य, निकष अदृश्य, आणि चूकही अदृश्य!

या परीक्षेत बहुतेक प्रश्न पर्यायांचे असतात. काही जोड्या जुळवण्याचे, काही पडद्यावरच्या यंत्रावर काम करून दाखवण्याचे, आणि काही रिकाम्या जागा भरण्याचे. लघुत्तर म्हणून जे काही उरले आहे ते या रिकाम्या जागेत. आपल्या आयटीआयच्या अखिल भारतीय परीक्षेचा लेखी भागही आता पर्यायांचाच झाला आहे. तेव्हा प्रश्नाचा हा प्रकार कोणत्या माणसाची कल्पना करतो, हे पाहिले पाहिजे. एक उदाहरण घेऊ.

एका स्विचला दोन संगणक जोडलेले आहेत. एकाचा पत्ता १९२.१६८.१.१०, दुसऱ्याचा १९२.१६८.१.२००. दोघांचा मास्क २५५.२५५.२५५.१२८. तारा ठीक आहेत, दिवे लागलेले आहेत. पण पहिल्याचा निरोप दुसऱ्याला पोचत नाही. मास्क म्हणजे पत्त्यांच्या रांगेत कोठे कुंपण घालायचे ते सांगणारा आकडा. या मास्कने शून्य ते १२७ ही एक वस्ती होते आणि १२८ ते २५५ ही दुसरी. दहा क्रमांकाचे घर एका वस्तीत आणि दोनशेचे दुसऱ्या वस्तीत. स्विच एकच असला तरी मधला मार्ग दाखवणारा कोणी नसल्याने निरोप जात नाही.

हाच प्रश्न तीन प्रकारे विचारता येतो. पहिला प्रकार: तार तुटली आहे, पत्ता दोनदा दिला आहे, दोन्ही संगणक वेगळ्या सबनेटमध्ये आहेत, स्विच बंद आहे, यांपैकी बरोबर पर्याय निवडा. दुसरा प्रकार: ‘हे दोन संगणक वेगवेगळ्या ______ मध्ये आहेत.’ तिसरा प्रकार: निरोप का पोचत नाही? दोन-तीन वाक्यांत लिहा.

पहिल्या प्रकारात उत्तर समोर ठेवलेले आहे. ते ओळखायचे आहे. दुसऱ्यात उत्तर एक शब्द आहे आणि तो परीक्षकाच्या मनातलाच असला पाहिजे. तिसऱ्यात मात्र मुलाला स्वतः बोलावे लागते. मी हा तिसरा प्रश्न वर्गात देतो आणि ज्या भाषेत येईल त्या भाषेत लिहा म्हणतो. एका मुलाने लिहिले होते: ‘सर, तार एकच हाये, पन वस्ती अलग हाये. मधात राऊटर पाह्यजे.’ त्याच्या शेजारच्या मुलीने लिहिले: ‘मास्क बदलवून २५५.२५५.२५५.० केला तर दोन वस्त्या राहतच नाहीत.’ दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. एकाने दोन वस्त्यांमध्ये वाट काढली, दुसरीने कुंपणच काढून टाकले. कोणता उपाय कोठे योग्य, यावर त्या दिवशी वर्गात वाद झाला, आणि त्या वादातून मुलांना सबनेट जितके कळले तितके पुस्तकातून कळले नसते.

आता ही दोन उत्तरे पहिल्या दोन प्रकारांत घालून पाहा. पर्यायांच्या प्रश्नात दोघांनीही तिसऱ्या पर्यायावर खूण केली असती. गुण मिळाले असते. पण ज्याने आदल्या रात्री चोरून विकत मिळणाऱ्या प्रश्नांच्या यादीत, म्हणजे ‘डम्प’मध्ये, हे उत्तर पाठ केले त्यालाही तेच गुण मिळाले असते. रिकाम्या जागेत आमच्या मुलाने ‘वस्ती’ लिहिले असते तर शून्य. ‘सबनेट’चे इंग्रजी स्पेलिंग चुकले असते तरी यंत्राच्या लेखी ते अज्ञानच ठरण्याची भीती. म्हणजे रिकामी जागा भरणे हे लघुत्तर नव्हे. ते लघुत्तराचे सोंग आहे. त्यात मुलाचे ज्ञान तपासले जात नाही, परीक्षकाशी त्याचा शब्द जुळतो की नाही एवढेच तपासले जाते. आणि परीक्षकाचा शब्द ज्याच्या घरात आधीपासून आहे त्याचा तो सहज जुळतो.

डम्पचा रोग किती खोल आहे याचा एक पुरावा खुद्द सिस्कोनेच दिलेला आहे. सीसीआयईची प्रात्यक्षिक परीक्षा आठ तासांची होती. खरी यंत्रे जोडून, चालवून दाखवायची. तीही पाठ करून येणारे निघाले. तेव्हा १ फेब्रुवारी २००९ पासून कंपनीने राऊटिंग-स्विचिंगच्या या परीक्षेत चार-पाच मुक्त प्रश्न घातले. पर्याय नाहीत, उत्तर उमेदवाराने स्वतः टंकायचे. यंत्रावरचे काम आणि हे प्रश्न या दोन्हींत स्वतंत्रपणे उत्तीर्ण झालेच पाहिजे. त्याच सुमारास बीजिंगच्या केंद्रावर याच कामासाठी दहा मिनिटांची तोंडी मुलाखत घेण्याचा प्रयोग झाला. पुढे २०१० मध्ये राऊटिंग-स्विचिंगच्या परीक्षेतून हे मुक्त प्रश्न काढूनही टाकण्यात आले.

या छोट्या घटनेत आपल्यासाठी एक मोठा धडा आहे. ज्यांना खऱ्या माणसाच्या हाती खरी यंत्रे द्यायची असतात त्यांना कधी ना कधी ‘का?’ विचारावेच लागते. तो प्रश्न टाळता येत नाही. तो कोठे विचारायचा एवढेच ठरवता येते. कागदावर विचारायचा की समोर बसवून विचारायचा? कंपनीपुढे त्या वर्षी हे दोन्ही मार्ग होते. आपल्या देशातील नोकरीच्या बाजाराने यांपैकी कोणता मार्ग धरला हे सांगायला नको. लेखी परीक्षेत पर्याय, आणि ‘का?’ मुलाखतीत.

येथेच माझे मुख्य म्हणणे आहे. कागदावर ‘का?’ विचारला जातो तेव्हा उत्तर देणारा एक बैठक क्रमांक असतो. मुलाखतीत ‘का?’ विचारला जातो तेव्हा उत्तर देणारा एक चेहरा असतो, एक उच्चार असतो आणि एक आडनाव असते. प्रश्न तोच राहिला तरी न्यायाधीश बदललेला असतो.

हा माझा नुसता संशय नाही. २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त एक अभ्यास प्रसिद्ध केला. खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले होते. दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली. त्याच अंकात सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांनी नोकऱ्या देणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून लिहिले. गुणवत्तेवर आपली अढळ निष्ठा आहे असे सांगणारे जवळजवळ सारेच अधिकारी मुलाखतीत उमेदवाराची ‘कौटुंबिक पार्श्वभूमी’ विचारीत होते! त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेविषयी थोरात समितीचा अहवाल आला. तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षांत आपल्यावर अन्याय होतो, परीक्षक जातीची चौकशी करतात, ही तेथील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची तक्रार त्यात नोंदली गेली. जेथे उत्तर बोलायचे असते तेथे जात बोलू लागते, हा याचा सरळ अर्थ आहे.

आणि नेटवर्किंगच्या क्षेत्राला तर हा विषय परका नाहीच. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या नागरी हक्क खात्याने सिस्कोवरच दावा दाखल केला. एका दलित अभियंत्याची जात, तो आयआयटीत राखीव जागेवरून आल्याचे सांगून, सहकाऱ्यांत उघड केली गेली आणि पुढे त्याचा छळ झाला, असा त्यात आरोप होता. कंपनीने आरोप नाकारले. दोन व्यवस्थापकांवरचा दावा खात्याने एप्रिल २०२३ मध्ये मागे घेतला. न्यायालयात काय सिद्ध होईल ते होवो. या दाव्याने एक गोष्ट जगापुढे आणली. देशातील सर्वांत कठीण परीक्षा ओलांडून, समुद्र ओलांडूनही माणसाला विचारले जाऊ शकते की तू कोणत्या दाराने आत आलास? परीक्षेचा कागद जेथे संपतो तेथे हा प्रश्न सुरू होतो. म्हणून कागद जितका पुढे नेता येईल तितका आपण पुढे नेला पाहिजे.

यावर आमचेच काही मित्र म्हणतील, पर्यायांची परीक्षा आपल्याला बरी. यंत्राला जात कळत नाही. लघुत्तर तपासायला माणूस लागतो, आणि माणूस आला की मन आले. या म्हणण्यात तथ्य आहे. ते मी हसण्यावारी नेत नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्यायांऐवजी वर्णनात्मक करण्याचे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाने ठरवले तेव्हा २०२३ च्या आरंभी पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर बसले, आणि ती पद्धत २०२५ वर ढकलावी लागली. त्या आंदोलनात खेड्यांतून आलेली, उसनवारीवर खोली घेऊन राहणारी मुले होती. जुन्या पद्धतीने वर्षानुवर्षे तयारी केलेल्या मुलाला ऐन वेळी डाव बदलला तर राग येणारच. तो राग न्याय्य होता.

पण यंत्राला जात कळत नाही म्हणून यंत्र न्याय देते, असा निष्कर्ष काढता येत नाही. यंत्राला जात कळत नाही आणि माणूसही कळत नाही. यंत्राने आमच्या मुलाला ऐंशी टक्के दिले की त्याच गुणांचे दहाजण मुलाखतीच्या दारात उभे राहतात. कोणाला खरोखर समजले आणि कोणी डम्प पाठ केला, हे त्या कागदावरून कोणालाच सांगता येत नाही. मग निवड कशावर होते? फाडफाड इंग्रजीवर, बसण्या-उठण्यावर, ‘वडील काय करतात’ या प्रश्नाच्या उत्तरावर. म्हणजे पर्यायांच्या परीक्षेने आमच्या मुलाचे खरे भांडवल, त्याची समज, लपवून ठेवली. आणि जे भांडवल त्याच्याकडे नाही त्याच्या बाजारात त्याला उभे केले. १९२० साली बाबासाहेबांनी आपल्या पहिल्या पत्राला ‘मूकनायक’ हे नाव दिले. शंभर वर्षांनंतर आपणच आपल्या लेकरांसाठी मुकी परीक्षा मागावी काय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो आमच्या शिक्षकबांधवांना उद्देशून आहे. आपल्या कॉलेजांत लघुत्तरी प्रश्न आहेतच की! राज्य तंत्रशिक्षण मंडळाच्या ७० गुणांच्या प्रश्नपत्रिकेत पहिलाच प्रश्न दहा गुणांचा असतो: पुढीलपैकी कोणतेही पाच सोडवा, प्रत्येकी दोन गुण. पण त्या पाचांत काय असते? टोपॉलॉजीची व्याख्या लिहा. प्रोटोकॉलचे दोन प्रकार सांगा. हब आणि स्विच यांतील दोन फरक लिहा. यात ‘का?’ कोठे आहे? ही पाठांतराची उजळणी आहे. जुन्या पाठशाळेत अर्थ न सांगता घोकून घेत; येथे अर्थ न विचारता लिहून घेतात. मुलगा गाईडमधली दोन वाक्ये उतरवतो, शिक्षक दोन खुणा करतो, आणि दोघेही सुटतात. लघुत्तरी प्रश्न म्हणजे लहान उत्तर नव्हे. प्रश्न मोठा असावा आणि उत्तर नेमके असावे, तेव्हा ते लघुत्तर. वर दिलेला दोन संगणकांचा प्रश्न दोनच गुणांचा ठेवा. पण त्यात मुलाला उभे राहायला जागा आहे.

गंमत अशी की चांगल्या तपासणीचा नियम आपल्याकडे लिहून ठेवलेला आहे. याच मंडळाच्या नमुना उत्तरांच्या आरंभी परीक्षकांना सूचना असते. उत्तर शब्दाला शब्द जुळवून तपासू नये, त्यातील मुख्य मुद्दे पाहावेत. भाषेचा विषय सोडला तर व्याकरणाच्या आणि स्पेलिंगच्या चुकांना फार महत्त्व देऊ नये. २०२१-२२ पासून पदविकेच्या पहिल्या वर्षाला मराठी आणि द्विभाषिक माध्यम सुरू झाले, तेव्हा त्यात आणखी भर पडली: विद्यार्थ्याने मराठीत किंवा मराठी-इंग्रजी मिसळून लिहिले असेल तर संकल्पना जुळते का ते पाहून गुण द्यावेत. कोट्यवधी डॉलरच्या कंपनीच्या परीक्षेत जी माणुसकी नाही ती एका सरकारी मंडळाच्या छापील सूचनेत आहे. ‘तार एकच हाये, पन वस्ती अलग हाये’ या उत्तराला त्या सूचनेप्रमाणे पूर्ण गुण मिळायला हवेत. मिळतात का, हे प्रत्येक परीक्षकाने स्वतःच्या लाल पेनाला विचारावे.

लेखी उत्तराचा आणखी एक गुण आहे, आणि कार्यकर्त्यांनी तो विशेष ध्यानात घ्यावा. लेखी उत्तर मागे उरते. ९ ऑगस्ट २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात निर्णय दिला की माहितीच्या अधिकाराखाली विद्यार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते. म्हणजे अन्याय झाला तर त्याचा कागद हाती घेऊन भांडता येते. मुलाखतीतल्या अन्यायाचा कागद कोठून आणायचा? तिथे ‘उमेदवार आमच्या संस्थेस योग्य वाटला नाही’ हे एक वाक्य उरते. आणि परदेशी कंपनीच्या प्रमाणपत्र परीक्षेला तर माहितीचा अधिकार लागूच नाही. तेथे लढायला पायाखाली जमीन नाही. म्हणून लढा सार्वजनिक संस्थांत उभारावा लागेल. विद्यापीठ, तंत्रशिक्षण मंडळ, आयटीआय, लोकसेवा आयोग, महामंडळे यांच्या परीक्षांत तो उभारता येतो.

मागणी साधी आहे. प्रत्येक तांत्रिक परीक्षेत काही भाग तरी ‘का?’ विचारणाऱ्या लघुत्तरी प्रश्नांचा असावा. त्याचे उत्तर मराठीत, इंग्रजीत किंवा दोन्हींच्या मिश्रणात लिहिण्याची मुभा सर्व वर्षांना असावी. उत्तरपत्रिकेवर नाव, कॉलेज, केंद्र काहीही परीक्षकाला दिसू नये. दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे तपासावे, आणि मुद्द्यांची यादी निकालानंतर जाहीर व्हावी. अशा परीक्षेतले गुण समोर असताना मुलाखतीला किती वजन द्यायचे, याची मर्यादा ठरवावी. ज्या महामंडळाला किंवा सरकारी खात्याला नेटवर्किंगचा माणूस हवा असेल त्याने ३०० डॉलरच्या प्रमाणपत्राची अट न घालता ही परीक्षा स्वतः घ्यावी. आणि नवी पद्धत आणायची तर पुरेशी आधी सांगून आणावी, म्हणजे पुण्यासारखी वेळ येणार नाही.

विद्यार्थिमित्रांना एवढेच सांगायचे आहे: प्रमाणपत्र परीक्षा द्यायची तर जरूर द्या. पोटाचा प्रश्न आहे, आणि बाजार आपल्या सोयीने चालत नाही. पण डम्पवर पैसे घालू नका. त्या पैशात दोन जुने स्विच मिळतात. चौघे मिळून ते घ्या, जोडा, मोडा, आणि निरोप पोचला नाही की एकमेकांना ‘का?’ विचारा. उत्तर आपल्या बोलीत वहीत लिहून ठेवा आणि खाली तेच इंग्रजीत लिहा. आधी आपल्या बोलीत, मग इंग्रजीत. हा क्रम बदलू नका. ज्याने कारण स्वतःच्या शब्दांत एकदा लिहिले त्याला मुलाखतीत कोणी कितीही घुमवले तरी त्याच्या पायाखालची जमीन सरकत नाही.

आणि शिक्षकबांधवहो, पुढची प्रश्नपत्रिका काढायला बसाल तेव्हा ‘व्याख्या लिहा’च्या पाच ओळींतून एक ओळ खोडा आणि तेथे ‘का?’ लिहा. त्या ओळीचे दोन गुण आमच्या एखाद्या मुलाला असे मिळतील की ते देताना कोणी त्याचे आडनाव विचारलेले नसेल.